‘सेव्ह होत नाहीये’

आमच्या छोट्याशा ऑनलाइन अंकाचे लेखक कोल्हापूरपासून न्यू जर्सीपर्यंत विखुरलेले आहेत. आपला मजकूर ते थेट संकेतस्थळावरच्या एडिटरमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खिडकीतच, लिहितात किंवा दुसरीकडून आणून टाकतात. हा एडिटर चालता ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि त्यापायी येणाऱ्या फोनवर तक्रार बहुधा एकाच वाक्यात संपते: ‘सेव्ह होत नाहीये.’ त्या एका वाक्यामागे संगणकाचे चुकलेले घड्याळ असू शकते, मुदत संपलेले लॉगिन असू शकते, ब्राउझरला वरून जोडलेले एखादे अतिउत्साही एक्स्टेंशन असू शकते, किंवा लेखात आलेली अवतरणचिन्हेही असू शकतात. बिघाड म्हणावा असा बिघाड फार थोड्या वेळा सापडतो. बहुतेक वेळा सुरक्षेचा कुठला तरी नियम आपले काम चोख करत असतो. फक्त आपण अडवले आहे, का अडवले आहे आणि काय केल्याने वाट मोकळी होईल, हे तो कुणाला सांगत नाही. माझा राग नियमांवर नाही, त्यांच्या या मुकेपणावर आहे.

वेबचे पान मुळात वाचण्यासाठी होते. पानाचा हवा तो भाग जागच्या जागी बदलता यावा, अशी सोय इंटरनेट एक्स्प्लोररच्या ५.५ या आवृत्तीत २००० साली आली आणि इतर ब्राउझरांनी ती पुढच्या काही वर्षांत उचलली. २००३ मध्ये एफसीके-एडिटर आला (ही तीन अक्षरे म्हणजे त्याचे कर्ते फ्रेडरिको काल्डेइरा क्नाबेन यांच्या नावाची आद्याक्षरे), २००४ मध्ये टायनीएमसीई आला, आणि ठळक, तिरपे, दुवा, चित्र अशा बटणांची पट्टी ब्राउझरमध्ये अवतरली. दिसायला हे सगळे वर्डसारखे होते, आणि लेखकांच्या गोंधळाचे मूळ नेमके त्या दिसण्यात आहे. आपल्या संगणकावर बसवलेल्या वर्डला आपल्या फाइली, क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो ती जागा), प्रिंटर असे सगळे खुले असते. ब्राउझरमधला एडिटर हा मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून आलेला प्रोग्राम असतो, आणि तो आपल्या कितीही ओळखीचा असला तरी ब्राउझर त्याला परका समजूनच वागवतो.

पेस्टच्या बटणाचेच पाहा. जुन्या धाटणीच्या एडिटरांमध्ये पट्टीवर पेस्टचे चित्र असते, लेखक ते दाबतो आणि उत्तर मिळते की ब्राउझरच्या सुरक्षा-व्यवस्थेमुळे क्लिपबोर्ड वाचता येत नाही, कृपया कंट्रोल आणि व्ही या कळा वापरा. लेखकाला साहजिकच वाटते की मग हे बटण दिलेच कशाला! परंतु इंटरनेट एक्स्प्लोरर ६ च्या काळात कोणतेही पान आपल्याला न विचारता आपल्या क्लिपबोर्डवर काय आहे ते वाचू शकत असे. कुणी बँकेचा पासवर्ड कॉपी करून ठेवला आणि मध्येच क्रिकेटचा स्कोअर पाहायला दुसरे पान उघडले, तर त्या पानाच्या हाती तो पासवर्ड लागू शकत होता. २००६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तो ब्राउझर आधी परवानगी विचारू लागला. कळा दाबणे चालते आणि बटण दाबणे चालत नाही याला कारण आहे. कंट्रोल-व्ही दाबणाऱ्याला पेस्टच करायचे आहे याबद्दल ब्राउझरला शंका नसते. पानावरच्या बटणावर काय चित्र काढायचे हे मात्र पानच ठरवते, आणि ‘पुढे वाचा’ असे लिहिलेल्या बटणाआडही क्लिपबोर्ड वाचण्याची आज्ञा दडवता येते. २०१८ पासून क्रोममध्ये वापरणाऱ्याची परवानगी घेऊन क्लिपबोर्ड वाचण्याची नवी पद्धत आली, पण तीसुद्धा एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीतून, उघडलेल्या पानापुरतीच. मोबाइलवर कंट्रोलची कळच नसल्यामुळे तिथे बोट दाबून धरायला सांगावे लागते, आणि फोनवर एखाद्याला बोट दाबून धरायला शिकवणे हा संयमाचा वेगळाच अभ्यासक्रम आहे.

पेस्ट झाल्यावर जे दिसते आणि जे साठवले जाते त्यांतही फरक पडतो. एका लेखिकेने आपल्या प्रवासलेखात नकाशाची चौकट बसवली; लिहिताना ती व्यवस्थित दिसली आणि सेव्ह केल्यावर नाहीशी झाली. मी तोच तुकडा माझ्या खात्यातून बसवला तेव्हा तो राहिला. त्यांचा समज झाला की माझ्याकडे काही गुप्त युक्ती आहे. प्रत्यक्षात आम्ही वापरतो त्या वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीत, एकट्या संकेतस्थळाच्या मांडणीत, गाळणी न लावलेले एचटीएमएल (वेबची पाने ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) साठवण्याचा अधिकार प्रशासक आणि संपादक या भूमिकांनाच असतो. लेखक या भूमिकेतल्या व्यक्तीचा मजकूर साठवताना त्यातल्या स्क्रिप्ट (पानात दडलेल्या, ब्राउझरने पाळायच्या आज्ञा) आणि चौकटी गाळल्या जातात. गाळणाऱ्या भागाचे नाव केएसईएस असे आहे आणि त्याचा विस्तार ‘केएसईएस दुष्ट स्क्रिप्ट काढून टाकतो’ असा स्वतःतच गुंडाळलेला आहे. प्रोग्रामर लोकांना असला विनोद फार आवडतो.

ही गाळणी का लागते, याचे गाजलेले उदाहरण ४ ऑक्टोबर २००५ चे आहे. मायस्पेस या संकेतस्थळावर सदस्यांना आपले पान एचटीएमएलने सजवता येत असे, आणि ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द आढळला की तो गाळला जात असे. सॅमी कामकार या तरुणाने त्या शब्दाच्या मध्येच ओळ तोडली. गाळणीला तो शब्द दिसला नाही, काही ब्राउझरांनी मात्र तुकडे जोडून वाचले. त्याचे पान जो पाहील त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि तोच कोड त्याच्याही पानावर चिकटे. सुमारे २० तासांत हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. सॅमीने कुणाचे पैसे चोरले नाहीत, पण मजकूर लिहिण्याच्या चौकटीत आज्ञा लिहिता आली तर वाचणाऱ्याच्या नावावर काय काय करता येते, हे त्या दिवशी जगाला दिसले. लेखिकेचा नकाशा गाळणारी चाळणी ही त्याच धड्याची वारसदार आहे. तिने निदान ‘तुमच्या भूमिकेला ही चौकट ठेवता येत नाही, नुसता दुवा द्या’ एवढे म्हटले असते, तर एक संपूर्ण संध्याकाळ वाचली असती.

गाळणीचा मराठीला बसलेला एक फटका मात्र मला आजही अस्वस्थ करतो. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्य संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्यासाठी वेगळा, खाली टिंब असलेला र आणि हलंत असतो. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य, शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते. कोणता प्रकार उमटेल हे लेखकाच्या कीबोर्डवर अवलंबून असते आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अदृश्य चिन्हे घालून निषिद्ध शब्द लपवता येतात, खोटी नावे खऱ्यासारखी दाखवता येतात. म्हणून आमच्याकडे बसवलेल्या एका सुरक्षा-प्लगइनने, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक प्रोग्रामने, सरसकट सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकण्याचा नियम लावला होता. परिणाम असा झाला की सह्याद्रीवरच्या लेखातल्या अर्ध्या दऱ्या सेव्ह होताच ‘दर्या’ झाल्या, आणि फोनवरून लिहिलेल्या परिच्छेदांतल्या उरलेल्या अर्ध्या जागच्या जागी राहिल्या. मुद्रितशोधकाने लेखकाला बोल लावला, लेखकाने फॉन्टला. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी होती. इंग्रजीत या चिन्हावाचून काहीच अडत नाही, म्हणून ते केवळ संशयास्पद ठरते. आम्ही तो नियम लेखाच्या मजकुरापुरता सैल केला आणि सदस्यनावांपुरता तसाच ठेवला, कारण तिथे धोका खरा आहे.

सर्व्हरच्या दारातल्या फायरवॉलची, म्हणजे आत येणारी प्रत्येक विनंती तपासणाऱ्या पहाऱ्याची, कथा याहून चमत्कारिक आहे. वर्डप्रेसच्या ५.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१८ पासून, आलेला ठोकळ्यांचा एडिटर सेव्ह करताना प्रत्येक वेळी मजकूर पार्श्वभूमीवर सर्व्हरकडे पाठवतो आणि जेसन नावाच्या ठरावीक साच्यातल्या उत्तराची वाट पाहतो. मध्ये फायरवॉलने अडवले तर उत्तरादाखल ‘४०३, मनाई’ असे एचटीएमएलचे पान येते; एडिटरला ते वाचता येत नाही आणि तो लेखकाला इंग्रजीत कळवतो की प्रतिसाद वैध जेसन नाही. डेटाबेसवर सोप्या मराठीत सदर लिहिणाऱ्या आमच्या एका लेखकाचा पाचवा भाग याच दगडावर आपटला. आधीचे चार सुरळीत गेले होते. मी मजकूर अर्धा करून सेव्ह केला, मग उरलेल्याचा अर्धा, असे करत गेले तेव्हा अडचण एका उदाहरणापाशी येऊन थांबली. त्यात त्यांनी सिलेक्ट, युनियन, फ्रॉम असे शब्द असलेली खरीखुरी आज्ञा वाचकांना समजावून दिली होती. फायरवॉलच्या दृष्टीने चोरटा नेमके हेच पाठवतो. शिकवणारा आणि फोडणारा तीच अक्षरे टंकतात, आणि हेतू अक्षरांत दिसत नाही.

त्या शोधात आणखी एक गोष्ट हाती लागली. अशा फायरवॉलमध्ये कडक पातळीवर विरामचिन्हांची मोजणी करणारे नियम असतात: अवतरणचिन्हे, कंस, अर्धविराम यांची गर्दी ठरावीक संख्येपलीकडे गेली की संशय घ्यायचा. संवादांनी भरलेली कथा यात सहज अडकते. त्यातही नियम अक्षरांऐवजी बाइट, म्हणजे अक्षर साठवण्याचे लहान तुकडे, मोजत असेल तर देवनागरीचे हाल विशेष. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट षोडशमान पद्धतीत ८० आहे, आणि वळणदार अवतरणचिन्हाचा मधला बाइटही ८० च आहे. नियमाच्या यादीत ते अवतरणचिन्ह असेल आणि मोजणी बाइटांची असेल, तर ‘आजीची जुनी वही’ या तीन शब्दांतल्या चारही दीर्घ वेलांट्या संशयितांत जमा होतात.

होस्टिंग कंपनीच्या मदत-कक्षाने पहिले उत्तर दिले ते असे, की फायरवॉल पूर्ण बंद करून देतो, मग काही अडचण येणार नाही. ती आली नसतीच. चोरांनाही आली नसती. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर त्यांनी लॉगमधून अडवणाऱ्या नियमाचा क्रमांक काढून दिला आणि तेवढाच नियम, तेवढ्याच पत्त्यासाठी, लॉगिन केलेल्यांपुरता सैल केला. या मार्गाला वेळ लागतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी तो कुणी धरत नाही आणि पहारा कायमचा उठतो.

लॉगिनची मुदत संपणे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि त्याचे स्पष्टीकरण मला सर्वांत जास्त वेळा द्यावे लागते. दार उघडताना आपण पासवर्ड दिला, मग पुन्हा ओळख कशाला, असा प्रश्न असतो. ब्राउझर आपली लॉगिन-कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली आपल्या ओळखीची नोंद) त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या विनंतीला आपोआप जोडत आला आहे, मग ती विनंती आपण स्वतः केलेली असो की दुसऱ्या टॅबमधल्या एखाद्या लबाड पानाने आपल्या नकळत करवलेली असो. त्यामुळे नुसत्या कुकीवर विसंबणारा सर्व्हर फसू शकतो. त्यावर उपाय म्हणून एडिटरच्या पानात एक सांकेतिक टोकन ठेवतात. दुसऱ्या पानाला ते वाचता येत नाही, आणि सेव्हच्या विनंतीबरोबर ते आले नाही तर सर्व्हर नकार देतो. वर्डप्रेसमध्ये या टोकनाचे आयुष्य जास्तीत जास्त २४ तास असते. लेखक लॅपटॉप उघडा ठेवून लिहीत असेल तर नवे टोकन गुपचूप येत राहते. झाकण मिटून दोन-तीन दिवसांनी उघडले, की मूळ लॉगिनच संपलेले असते: साधे लॉगिन दोन दिवस टिकते आणि ‘मला लक्षात ठेवा’ची खूण केली असेल तर १४ दिवस.

अशा वेळी माझी पहिली विनंती एकच असते, की टॅब बंद करू नका. एडिटर मजकुराची एक प्रत ब्राउझरच्या त्या टॅबपुरत्या साठवणीत ठेवतो, आणि टॅब गेला की ती साठवणही जाते. दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करावे, मग पहिल्या टॅबमध्ये परत येऊन सेव्ह करावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. त्याआधी सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये उतरवून घ्यावा. नोटपॅड मात्र फार जुन्या विंडोजवरचे असेल तर फाइल साठवताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडावे लागते. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून ती निवड मुळातच केलेली असते; त्यापूर्वी ‘एएनएसआय’ असे, आणि त्यात साठवलेली मराठी प्रश्नचिन्हांची रांग होऊन परत येत असे. एडिटरमधून वाचलेला लेख नोटपॅडमध्ये गमावण्याचे दुःख पाहवत नाही.

घड्याळाची तक्रार कमी येते, पण येते तेव्हा माणूस घाबरलेला असतो, कारण पानाऐवजी इशाऱ्याचा पडदा येतो आणि तुमची जोडणी खाजगी नाही असे बजावतो. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला, म्हणजे ते खरोखर तेच आहे याच्या दाखल्याला, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते आणि आज कोणती तारीख आहे हे ब्राउझर आपल्या संगणकाला विचारतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि जगातली सगळी प्रमाणपत्रे अजून जन्मायची असतात. सेल कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही मिळतो. प्रमाणपत्राचे दुसरे संकट ३० सप्टेंबर २०२१ रोजी आले. लेट्स एन्क्रिप्ट ही विनाशुल्क प्रमाणपत्रे देणारी संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा (इतर प्रमाणपत्रांची खात्री ज्यावरून पटते त्याचा) आधार घेत होती त्याची मुदत त्या दिवशी संपली, आणि अद्ययावत न केलेल्या कित्येक जुन्या मॅक आणि आयफोनांना चांगली संकेतस्थळेही संशयास्पद वाटू लागली. जुन्या मॅकवर फायरफॉक्स बसवणे हा तेव्हा उपयोगी पडणारा उपाय होता, कारण तो मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, संगणकाच्या यादीवर विसंबत नाही.

एक्स्टेंशनांचा संशय आला की इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी, खिडकीत उघडून पाहा असे सांगण्याची पद्धत आहे, कारण तिथे एक्स्टेंशने सहसा बंद असतात. मराठी लेखकाच्या बाबतीत या सल्ल्याला एक शेपूट आहे. ज्यांचे मराठी टंकन एक्स्टेंशनवर चालते त्यांचे तेही बंद होते, आणि ते कळवतात की आता तर मराठीसुद्धा येईनाशी झाली. मग समजावावे लागते की तिथे लिहायचे नाही, फक्त एक शब्द टाकून सेव्ह होते का ते पाहायचे. सेव्ह झाले तर दोषी एक्स्टेंशनांपैकीच कुणी आहे, आणि ती एकेक बंद करत जायचे.

त्रयस्थ, म्हणजे उघडलेल्या पानाच्या नव्हे तर त्यात दाखवलेल्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या, कुकींचा प्रश्न एका संकेतस्थळात दुसऱ्याचा एडिटर चौकटीतून दाखवणाऱ्यांना पडतो. सफारीने मार्च २०२० पासून अशा कुकी पूर्ण रोखल्या, फायरफॉक्सने जून २०२२ पासून त्या प्रत्येक संकेतस्थळापुरत्या वेगळ्या कोंडल्या. चौकटीतला एडिटर मग सारखा लॉगिन मागत राहतो. तो वेगळ्या टॅबमध्ये उघडावा, हा त्यावर सरळ उपाय आहे.

या सगळ्यात खरा धोका अडचणीत नसतो, अडचणीतून सुटण्याच्या घाईत असतो. अँटिव्हायरस बंद करा, सुरक्षा ‘लो’ करा, हा कोड कन्सोलमध्ये (ब्राउझरला थेट आज्ञा देण्याच्या खिडकीत) पेस्ट करा, असे सल्ले इंटरनेटवर मुबलक आहेत. यातला शेवटचा सर्वांत वाईट, कारण कन्सोलमध्ये टाकलेला कोड लॉगिन केलेल्या माणसाच्या पूर्ण अधिकाराने चालतो. फायरफॉक्स तिथे पेस्ट करण्यापूर्वी परवानगीचे शब्द हाताने टंकायला लावतो ते त्यासाठीच. एनीडेस्कसारख्या दूरनियंत्रणाच्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता, तरीही ‘तुम्हीच माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरा ना’ असे मला आपुलकीने सांगितले जाते. आमच्या ज्येष्ठ लेखिका, निवृत्त मुख्याध्यापिका, यांना सगळे बाईच म्हणतात. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, “अगं, पासवर्ड सांगते, तूच टाक आणि तूच सेव्ह कर.” मी म्हटले, “बाई, तो मला सांगू नका. मला त्याची गरजही नाही; तुमचा लेख मी माझ्या खात्यातून उघडू शकते.” त्यांना माझ्या नकारात परकेपणा जाणवला, हे त्यांच्या आवाजावरून कळले. विश्वास दाखवण्याची आपली रीत हातात किल्ली देण्याची आहे, आणि ती घ्यायला नकार देणे हे आपल्याकडे सौजन्यात बसत नाही.

अलीकडे आम्ही सूचनांचे मजकूर बदलले. आता ४०३ आले की एडिटरच्या वर मराठीत उमटते: ‘तुमचा मजकूर या टॅबमध्ये शाबूत आहे, टॅब बंद करू नका. सर्व्हरच्या सुरक्षा-नियमाने तो अडवला आहे. हा क्रमांक संपादकांना कळवा.’ लॉगिन संपले असेल तर तसे, चौकट गाळली असेल तर तसे. ही वाक्ये लिहिण्यात नियम सैल करण्यापेक्षा जास्त वेळ गेला, कारण प्रत्येक वाक्य बाईंना वाचून दाखवले आणि त्यांनी ‘टोकन’, ‘सेशन’ असे शब्द निर्दयपणे कापले. आता फोनवर ‘सेव्ह होत नाहीये’ च्या पुढे निदान एक क्रमांक तरी येतो. प्रमाणपत्राच्या इशाऱ्याच्या पडद्याचे मात्र आम्हाला काही करता आलेले नाही: तो ब्राउझरचा असतो, आमचे पान उघडण्यापूर्वीच येतो, आणि त्यावर आमचे एकही वाक्य लिहिता येत नाही. त्यासाठी अंकाच्या निमंत्रणपत्रात एक ओळ घातली आहे, की संगणकाच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी.